स्टीफन हिस्लॉपच्या नोंदी: टाकळघाटचे गोटे, बोरीची शाळा आणि लिंगोचं गाणं

वेणाकाठ:

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत. १८८३ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा ज्याच्या नावानं झालं तो माणूस जाऊन वीस वर्षं झाली होती. त्याचं लिखाण मात्र आपल्याकडे फारसं कुणी वाचत नाही. गेल्या उन्हाळ्यात वावरातली कामं संपल्यावर मी ते वाचायला घेतलं आणि अजून त्यातच आहे. म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या डन्स गावचा, जन्म १८१७. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ साली मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं झालं. हा त्या नव्या चर्चचा पाद्री. १८४५ मध्ये तो नागपुरात आला आणि पुढच्या वर्षी शाळा काढली. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. म्हणजे हिस्लॉपनं आपला मुलूख पाहिला तो सगळा घोड्यावरून, बैलगाडीनं नाहीतर पायी.

मिशनऱ्याचं लिखाण म्हटलं की उपदेश आणि बाप्तिस्म्यांचे आकडे, अशीच माझी समजूत होती. तेही आहे, नाही असं नाही. पण त्याच्या कागदांतला मोठा भाग दगड, शिंपले, झाडांचे ठसे, गोंड-कोलामांच्या चालीरीती आणि शब्दांच्या याद्या यांनी भरलेला आहे. प्रचाराच्या दौऱ्यावर निघालेला पाद्री नाल्याच्या काठावर उकिडवा बसून दगड फोडतो. संध्याकाळी गोंडांच्या गाणाऱ्याला, म्हणजे प्रधानाला, बसवून घेतो आणि गाणं ओळीओळीनं उतरवून घेतो.

यावर लोक दोन टोकांची मतं देतात. एक, धर्म हा देखावा होता, माणूस मुळात शास्त्रज्ञ. दोन, हे सगळं धर्मप्रसारासाठीच होतं, बाकी बहाणे. मला दोन्ही पटत नाहीत. वाचून माझं मत असं झालं की त्याचा धर्म त्याच्या प्रवचनांपेक्षा त्याच्या दिवसाच्या कामात जास्त दिसतो. समोर जे आहे ते बारकाईनं पाहणं आणि जसं आहे तसं लिहून ठेवणं, हेच त्याला देवाचं काम वाटत असावं.

त्याचा शेवटचा दिवस बघा. १८६३ चा सप्टेंबर. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर तो नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोल मांडलेले जुने धोंडे, बघायला आला होता. काम आटोपून मंडळी परत निघाली. बोरीला हा मागे थांबला, कारण गावातली शाळा तपासायची राहिली होती. शाळा बघून एकटा निघाला तेव्हा वाटेतल्या नाल्याला पूर होता. छावणीवर घोडा आला, स्वार आला नाही. ४ सप्टेंबरची ही गोष्ट. माणूस शेहेचाळिशीच्या उंबरठ्यावर होता.

सोबत प्रांताचा सर्वात मोठा साहेब असताना गावच्या शाळेतल्या पोरांसाठी मागे राहणारा माणूस. त्याची श्रद्धा समजायला मला एवढं पुरतं.

टेम्पलनं त्याचे आदिवासींवरचे कागद नीट लावून १८६६ मध्ये नागपूरला छापले. त्यातल्या गोंडांच्या लिंगोच्या गाण्याबद्दल खाली लिहितो. आधी तुमचं ऐकू द्या.

बोरीचा_भाऊ:

राजेहो, थे गोटे आमच्या वावराच्या आंगालेच हायेत. लहानपणापासून पाहातो. मोठे मोठे काळे धोंडे गोल मांडले, मधात मुरूम भरेल. आजा म्हने, थ्या जागेवर नांगर नोको घालू. काहून, त त्यालेबी मालूम नाई. त्याचा बाप सांगे म्हून थोबी सांगे.

आता अर्धे रिंगन गेले. कोनी विहिरीच्या कामाले धोंडे नेले, कोनी बंधाऱ्याले. एमआयडीसी आली तवा त विचारूच नोका. गोऱ्या पाद्र्यानं दीडशे वर्साआधी पायलं आन् आमी रोज पाहून नाई पायलं, अशी गत हाय.

थे गान्याचं सांगा लवकर.

मुरूम_आणि_मातीकर:

मी भूगर्भशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. आमच्या विषयात हिस्लॉपचं नाव पहिल्याच वर्षी येतं, पाद्री म्हणून नव्हे.

सीताबर्डीच्या टेकडीत खाली नाइस हा फार जुना खडक आणि वर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, आहे. नागपूरच्या पश्चिमेला टाकळीला बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये मातीचा एक पातळ थर सापडतो. हिस्लॉप आणि त्याचा सोबती रॉबर्ट हंटर यांना त्यात गोड्या पाण्यातले शंख, बिया, माशांचे अवशेष मिळाले. भुंग्यांच्या पंखांवरच्या टणक कवचांचे ठसेसुद्धा मिळाले. लाव्हाचा एक लोट आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात जीव वाढले, मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून गेलं. हा क्रम त्यांनी शंखांवरून लावला. समुद्र नव्हता, तळं होतं, हे फायसा जातीच्या शंखांनी सांगितलं, कारण तो शंख गोड्या पाण्यातच वाढतो. काळ त्यांनी लावला तो टर्शरी, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचा. आज आपण तो क्रेटेशियसच्या अखेरीचा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा मानतो. पण थर ओळखले ते बरोबर.

कामठीजवळचं सिलेवाडा आज कोळशाच्या खाणीमुळे माहीत आहे. तिथल्या वालुकाश्मात त्यांना ग्लोसोप्टेरिसची पानं मिळाली. लांबट पान, मधे ठळक शीर, दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. दगडावर भिंग धरलं की जाळी मोजता येते. ती झाडं बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुनी, पंचवीस कोटी वर्षांच्या पलीकडची. 'कामठी' हे नाव त्या खडकांना आजही आहे, जगभरच्या शोधनिबंधांत तसंच छापतात. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीला एका उभयचराची कवटी मिळाली. लंडनला रिचर्ड ओवेननं १८५५ मध्ये तिचं वर्णन केलं, नाव ब्रेकिऑप्स. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला महाकाय डायनोसॉरांची हाडं आहेत, तिथंही ही जोडी पोचली होती. त्याच्या नावाचं एक खनिज आहे, हिस्लोपाइट. गोड्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याचं हिस्लोपिया हे नावही त्याच्यावरूनच, १८५८ मध्ये कार्टरनं दिलेलं.

वेणाकाठ, तुमच्या मुद्द्यात एक भर. पृथ्वी इतकी जुनी मानणारा माणूस बायबल कसं मानायचा, हे विद्यार्थी नेहमी विचारायचे. त्याच्या चर्चमध्ये ती अडचण तेव्हा बऱ्याच अंशी सुटलेली होती. फ्री चर्चचे पुढारी थॉमस चामर्स यांचंच म्हणणं होतं की बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या दोन ओळींच्या मधे अफाट काळ मावतो. त्याच चर्चच्या बाजूनं लिहिणारा ह्यू मिलर हा दगडफोड्या होता आणि नावाजलेला भूगर्भशास्त्रज्ञही. हिस्लॉपचं घरसुद्धा बांधकामवाल्याचं, बाप गवंडी. दगडाला हात लावायची सवय घरातूनच आली म्हणायची.

छावणीरोड:

सर, तुमची माहिती छानच आहे, पण एक जाणवलं. तुम्ही सगळे जण त्याची भक्ती शास्त्राच्या मागे लपवता आहात. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, कामठी छावणीच्या बाजूचं. आमच्याकडे हिस्लॉपचं नाव दगडांसाठी घेत नाहीत.

तेव्हाची परिस्थिती बघा. कामठीला मद्रासच्या पलटणी होत्या, म्हणजे तमिळ-तेलुगू बोलणारे शिपाई. नागपुरात मराठी. रानात गोंडी. मिशनला आधी जायचं होतं ते गोंडांकडे. हिस्लॉपच्या आधी काही जर्मन कारागीर मिशनरी अमरकंटकच्या बाजूला करंजियाला राहायला गेले होते. स्वतः शेती करायची, सुतारकाम करायचं आणि लोकांत मिसळायचं, असा बेत. पटकीनं काही महिन्यांतच त्यांच्यातले बहुतेक गेले. ही बातमी कानावर असूनही हिस्लॉप बायकोला घेऊन इथे आला. अठरा वर्षं राहिला, मधे तब्येतीसाठी एकदा मायदेशी गेला आणि परत आला. हंटरला तर १८५५ मध्ये प्रकृतीमुळे कायमचं जावं लागलं.

पटकी, हिवताप, उन्हाळा, परकी भाषा. ही रोजची गोष्ट होती आणि त्यात टिकायला नुसतं कुतूहल पुरत नाही, प्रार्थना लागते. आमच्या आजीच्या शब्दांत, 'गुडघे टेकल्याशिवाय पाय चालत नाहीत.'

तर्कट७७:

सगळं ठीक. पण शेवटी हेतू काय होता? शाळा काढली ती धर्मांतरासाठीच ना? नागपुरात त्यावरून गडबड झालीच होती.

वेणाकाठ:

तर्कट, हेतू लपवलेला नव्हताच. शाळेत बायबल शिकवत, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरं तरी आली, कारण इंग्रजी आणि गणित मिळत होतं. घरच्यांनी पोरगं पाठवताना आपला हिशेब केला, मिशननं आपला. दोन्ही हिशेब उघड होते. ज्या घरातला मुलगा ख्रिस्ती झाला त्या घरात आकांत झाला असणार, ते नाकारायचं कारण नाही. पण तेवढ्यावरून अठरा वर्षांचं लिखाण गुंडाळून ठेवणं मला पटत नाही.

छावणीरोड ताई, तुमचं म्हणणं मान्य. प्रार्थनेशिवाय तो माणूस पूर्ण होत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की त्याची प्रार्थना सकाळी संपत नसे, नाल्याकाठी दगड फोडतानाही ती चालू असायची.

आता गाणं. बोरीच्या भाऊंसाठी विशेष, कारण यात रोही, म्हणजे नीलगाई, आहेत.

नागपूरच्या भागातल्या एका प्रधानानं हे गाणं सांगितलं. प्रधान म्हणजे गोंडांचे गाणारे, किंगरी वाजवून यजमानाच्या घरी कुळांची आणि देवांची कथा सांगणारे. हिस्लॉपनं गोंडी शब्द रोमन लिपीत उतरवले, त्याचा अर्थ इंग्रजीत लावला. कथा अशी आहे. धवळागिरीला देव राहतात, तिथे गोंड येतात. त्यांचं वागणं, त्यांचा वास महादेवाला सहन होत नाही. तो अंगाच्या मळाची खार करतो आणि सोडून देतो. खार शेपटी उभारून पळते, गोंड काठ्या-धोंडे घेऊन मागे. खार गुहेत शिरते, गोंडही शिरतात. महादेव तोंडावर सोळा हात लांब धोंडा लावतो आणि भस्मासुराला पहाऱ्यावर बसवतो. चार जण तेवढे बाहेर राहतात. ते काचीकोपा लाहुगडला जातात.

इकडे पार्वतीला करमत नाही. गोंडांचा वास येईनासा झाला म्हणून ती उपास धरते! नवऱ्याला जो वास नको होता, त्याच वासासाठी बायको जेवण सोडते. मग भगवान लिंगोला फुलातून जन्म देतो. लिंगो त्या चार भावांना भेटतो. ते अंजनाची झाडं तोडून रान मोकळं करतात, धान पेरतात, पाऊस येतो, धान वर येतं. आणि एका रात्रीत सोळा विसा रोही येऊन सगळं शेत फस्त करतात. सकाळी उरतात नुसते खुंट.

पुढे भावांना शिकार भाजायला विस्तव पाहिजे असतो. तो असतो रिकड गवाडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाकडे. लिंगो भोपळ्याचं वाद्य करतो, डोक्याचे केस काढून तारा लावतो आणि पिंपळावर चढून वाजवतो. म्हातारा ते ऐकून नाचायला लागतो, म्हातारी त्याला शोधत येते आणि तीही नाचते. त्याच्या सात पोरी भावांशी लग्न करतात, त्याच बायका लिंगोवर आळ घेतात, भाऊ त्याला मारून टाकतात. अमृतानं तो परत उठतो, तप करून महादेवाकडे अडकलेले गोंड मागतो. महादेव त्याला बिंदो पक्ष्याची पिल्लं आणायला सांगतो. लिंगो त्या पिल्लांवर टपलेल्या भवरनागाला मारतो, आणि शेवटी गोंड सुटतात.

एका प्रेस्बिटेरियन पाद्र्यानं महादेव, पार्वती, लिंगो, रोही, खार हे सगळं जसंच्या तसं उतरवून ठेवलं. त्याच्या धर्माच्या दृष्टीनं यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. तरी खारीची उभारलेली शेपटी त्यानं गाळली नाही. हे मला फार मोठं वाटतं.

बोरीचा_भाऊ:

सोळा विसा म्हंजे तीनशे वीस रोही! आमच्या सोयाबीनात पंदरा आले तरी पोट्टे रातभर डबे वाजवत जागलीवर बसतात. म्हंजे लिंगोच्या टायमापासून हेच चालू हाय. तार कुंपनाचं अनुदान तवाबी नसन भेटलं.

साल्हेच्या_सावलीत:

मी गोंड आहे, गडचिरोली जिल्ह्यातला. हा धागा कालपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

हिस्लॉपचं गाणं आमच्या घरात ऐकलेल्या कथेशी अर्धंच जुळतं. आमच्याकडे गुहेत कोंडलेली ती काली कंकालीची लेकरं. कोंडणारा शंभू. त्यांना सोडवायला पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड ही देवी येतात. हिरासुका पाटालीर वाद्य वाजवतो, त्या सुरांवर दरवाजाचा धोंडा हलतो, लेकरं बाहेर येतात आणि धोंडा खाली येताना हिरासुका त्याच्याखाली चिरडला जातो. ती जागा आम्ही काचारगड मानतो, गोंदियाच्या सालेकसा तालुक्यात. माघ पौर्णिमेला तिथे आमची यात्रा भरते, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. हिस्लॉपनं काचीकोपा लाहुगड लिहिलं आहे, ते नाव वाचलं आणि अंगावर काटा आला. जागा तीच असावी असं आमचे जाणते म्हणतात.

पण त्याच्या गाण्यात गोंड अस्वच्छ, वास येणारे, खारीच्या मागे धावून फसणारे. जंगो रायताड त्यात नाहीच. सोडवणूक महादेवाची मर्जी झाली म्हणून होते. एका प्रधानानं, एका ठिकाणी, एका पाद्र्यासमोर सांगितलेली कथा. ती छापली गेली आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली. इंग्रज अधिकारी फॉरसिथनं १८७१ मध्ये तिचं पद्य केलं, १९१६ मध्ये बिशप चॅटरटननं गोंडवनावरच्या पुस्तकात पुन्हा घेतली. आमची कथा म्हणून बाहेर हीच चालते.

त्यानं नीट लिहिलं हे मी नाकारत नाही. त्याच्या कागदात गोंडांच्या साडेबारा जातींची यादी आहे, कोलामांचं, हलबांचं, गोवारींचं वर्णन आहे. कोलामी आणि नाइकडे बोलीचे शब्द आहेत, ते दुसऱ्या कुणी तेव्हा लिहिलेही नसते. पण 'जसंच्या तसं' हे वेणाकाठ यांचं म्हणणं मला मान्य नाही. ऐकणारा कोण आहे हे बघूनच गाणारा गातो. प्रधान चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे या घरांमध्ये (पूजायच्या देवांच्या संख्येवरून पडलेले कुळांचे गट) वेगवेगळं गातात. यजमान बदलला की कुळाची बाजू बदलते. पाद्र्यासमोर काय गायचं, हेही त्या प्रधानानं ठरवलं असेल.

मुरूम_आणि_मातीकर:

हे महत्त्वाचं आहे. दगड ऐकणाऱ्याकडे बघून बदलत नाही, गाणं बदलतं. हिस्लॉपला दोन्हीकडे एकच पद्धत लावायची सवय होती. नमुना घ्यायचा, जागा लिहायची, वर्णन करायचं. ग्लोसोप्टेरिसच्या एका पानावरून झाड ओळखता येतं. एका प्रधानावरून सगळी कथा कशी मिळणार?

छावणीरोड:

आणि ते छापलं टेम्पलनं, हेही धरा. हिस्लॉप जिवंत असता तर दुसऱ्या प्रधानाकडे गेला असता का, कोण जाणे. कागद त्यानं छापायला दिले नव्हते, ते त्याच्या मागे राहिले होते.

तर्कट७७:

साल्हेच्या सावलीत, तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा भारी आहे. मी गप्प बसतो.

वेणाकाठ:

साल्हे दादा, 'जसंच्या तसं' या शब्दांवर मी अडून बसत नाही. 'त्याला सांगितलं तसं' म्हणू. पण त्याच गोष्टीत मला एक उलट बाजूही दिसते. पाद्र्याला सोपी गोष्ट कुठली होती? गोंडांना एकच परमेश्वर ठाऊक होता, ते मधेच वाट चुकले, आता त्यांना परत आणू, अशी. मिशनऱ्यांच्या लिखाणात असा सूर पुष्कळदा असतो. त्या गाण्यातून तो सूर निघत नाही. पार्वती गोंडांच्या वासासाठी उपाशी राहते, हे कुठल्याच प्रवचनात बसण्यासारखं नाही, आणि तरी ते राहिलं.

टाकळघाटचं पुढे काय झालं तेही सांगतो. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी साधारण शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या शेवटी, टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केलं. पुढे माहुरझरी आणि नाइकुंडलाही झालं. नाइकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी निघाली. वर्तुळांखाली पुरलेली माणसं, मडकी, लोखंडी अवजारं, घोड्याचा साज. हिस्लॉप आणि टेम्पलच्या वेळी इंग्रज लोक ही वर्तुळं बाहेरून आलेल्या सिथियन, म्हणजे मध्य आशियातल्या, लोकांची म्हणून सांगत. आज ते कुणी मानत नाही, इथल्याच लोहयुगातल्या लोकांची धरतात.

बोरीचा_भाऊ:

म्हंजे आमच्या वावराखाली घोडेवाले लोक हायेत! आजा उगाच नाई म्हने नांगर नोको घालू.

पाद्र्याची शाळा कोनच्या जागी होती थे गावात कोनालेच मालूम नाई. मी म्हाताऱ्यांले इचारलं. एक म्हने देवळापाशी, दुसरा म्हने बजारात.

साल्हेच्या_सावलीत:

वेणाकाठ, पार्वतीच्या उपासाचं तुमचं म्हणणं विचार करायला लावतं. आमच्या जाणत्यांना विचारतो, तो भाग त्यांच्या ऐकण्यात आहे का. असेल तर कोणत्या घरच्या प्रधानाकडे आहे तेही बघतो. आमच्याकडे किंगरी वाजवणारे आता मोजकेच राहिले, त्यातले दोघे तरी लिंगोची कथा पूर्ण सांगू शकतात.

वेणाकाठ:

रेकॉर्ड करा दादा, आणि कुणी सांगितली, कोणत्या देवे घरासाठी, हे सोबत लिहा. या धाग्यात ते हरवून जाईल. नवा धागा काढा, मी गोंडी-मराठी टंकायला मदत करतो.

साल्हेच्या_सावलीत:

काढतो. धान कापून झालं की. सध्या इथे रोही नाही, रानडुकरं आहेत.